घोड्याच्या ट्रामचं तिकीट

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
श्रावण वद्य अष्टमी

प्रिय गजास,
सप्रेम नमस्कार.

"पाह्यलं ते लिहून धाड, फोनवर तू नुस्ता हो-हो करतं," असं तू म्हणालास. खोटं नाही. तिकडून, ऑस्ट्रेलियातून, फोन लावला की पोरगी बाजूला, जावई समोर, आणि माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. आज पहाटेपासून झड लागली आहे. वावरात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून ओसरीवर वही घेऊन बसलो.

आधी टोपीचं सांगतो, कारण तुझ्या वहिनीनं ते गावभर केलं आहे आणि तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावूनच येईल. समुद्रावरच्या पुलावरून एका बेटावर जाणारी दोन मजली ट्राम. ओढायला इंजिन नाही, एक घोडा. खालचा मजला झाकलेला, वरचा उघडा. मी हौसेनं वर जाऊन बसलो. पुलाच्या मध्यावर वाऱ्याचा असा सपकारा आला की माझी पांढरी टोपी डोक्यावरून सुटून खाली पुलावर पडली. पाण्यात गेली नाही, हे नशीब. मी "अरे अरे" करतो तोवर मागून चालत येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या एका गोऱ्या पोरीनं ती उचलली, चार पावलं झपझप टाकून ट्रामच्या बरोबरीला आली आणि खालच्या बाकावरच्या बाईच्या हातात दिली. बाईनं जिन्यातून वर दिली. टोपी परत डोक्यावर, आणि गाडी तोवर थांबलेली नाही! पोरीला पळावंसुद्धा लागलं नाही. गाडी चालते माणसाच्या पावलानं.

आणि गजा, मला तू आठवलास. लाडखेडच्या पुढे आपल्या छोट्या आगगाडीतून, शकुंतलेतून, उडी मारून बोरं तोडायचास आणि मागच्या डब्यात चढायचास. मी तुझं दप्तर धरून दारात उभा. एकदा तू राहिलास आणि गार्डानं शिव्या देत गाडी थांबवली होती, ते मी पोरीला सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, तुम्ही वाढवून सांगता." आता तूच ये आणि साक्ष दे.

तर मूळ गोष्ट. पोरीच्या बाळंतपणासाठी आम्ही मे महिन्यात गेलो. इकडे पंचेचाळीस अंश, तिकडे विमानातून उतरल्याबरोबर हुडहुडी. जून-जुलै म्हणजे त्यांचा भर हिवाळा. नात झाली, छान आहे, नाकाडोळ्यांनी नीटस, वहिनीवर गेली म्हणतात. पेरणीला मी घरी नव्हतो, जन्मात पहिल्यांदा. धाकट्यानं सगळं केलं, कपाशीही बरी आहे, पण मृगाच्या दिवसांत मी तिथं गरम मोजे घालून खिडकीत बसून होतो. ते काही बरं वाटलं नाही, ते तुलाच कळेल.

पोरीनं ओळखलं असावं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला शकुंतलेसारखी गाडी दाखवते." जुलैत एका रविवारी गाडी काढली. ॲडलेड शहरापासून दक्षिणेला ऐंशीएक किलोमीटरवर व्हिक्टर हार्बर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. पण आम्ही थेट तिथं न जाता आधी गूलवाला उतरलो. तिथून व्हिक्टर हार्बरपर्यंत जुनी आगगाडी चालते. त्या किनाऱ्यावर वाळूत शिंपले मिळतात, ते वेचायला लोक जायचे, म्हणून गाडीचं नाव पडलं कॉकल ट्रेन. म्हणजे शिंपल्यांची गाडी. वाफेचं इंजिन, लाकडी बाकं, अर्ध्या तासाचा रस्ता, डाव्या हाताला समुद्र. कोळशाच्या धुराचा वास नाकात शिरला आणि वहिनी लगेच पदर नाकाला लावून म्हणाली, "मूर्तिजापूर आलं वाटते." डब्यात आम्ही दोघंच हसत होतो.

या रुळांचा इतिहास मी डब्यात लावलेल्या पाटीवरून पोरीकडून वाचून घेतला. तुला त्यात गोडी वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या पोटातून मरे नावाची मोठी नदी येते. मेंढ्यांच्या लोकरीच्या गाठी नावांत भरून गूलवापर्यंत आणायच्या. पण नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचे बांध सारखे सरकतात, जहाज आत येईना. मग १८५४ साली गूलवापासून जवळच्या बंदरापर्यंत रूळ टाकले. गाड्या ओढायला घोडे. ते बंदर वाईट निघालं, जहाजं फुटायला लागली, म्हणून १८६४ मध्ये रूळ व्हिक्टर हार्बरपर्यंत नेले. पुढे धक्का लांबवत लांबवत १८७५ मध्ये थेट समोरच्या बेटाला भिडवला, म्हणजे मोठी जहाजं बेटाच्या आडोशाला उभी राहतील आणि गाठी तिथूनच इंग्लंडला जातील. झालं, सगळं तयार झालं आणि तीनच वर्षांत, १८७८ मध्ये, नदीच्या वरच्या अंगाला दुसरी रेल्वे पोचली. लोकर तिकडून गेली. बंदर बसलं.

वाच आणि लोकरीच्या जागी कापूस ठेव. किलिक-निक्सन कंपनीनं आपली लाइन टाकली ती काही तुला-मला शाळेत न्यायला नव्हे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, इकडं तुझं अचलपूर, सगळा वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, मुंबईहून मँचेस्टर. आणि इंजिनही मँचेस्टरलाच बनलेलं, १९२१ चं. कापूस तिकडे जायचा, इंजिन तिकडून यायचं. ते १९९४ पर्यंत धावलं. "धावलं" म्हणणं जरा जास्तच होतं.

आता बेट. नाव ग्रॅनाइट आयलंड. तिथल्या मूळच्या लोकांचं नाव कैकी. मला आधी कैकयी ऐकू आलं, म्हटलं ही इथं कुठून आली. बेट केवढं, तर साठ-पासष्ट एकर. आपल्या पाटलांच्या जुन्या मळ्याएवढं. झाड म्हणशील तर वाऱ्यानं वाकलेली झुडपं, बाकी नुसते धोंडे. पण काय धोंडे! हत्तीएवढे, घासून गोल झालेले, त्यावर शेंदरी रंगाचं दगडफूल. वहिनीनं पहिल्याच धोंड्याला हात जोडले. तिला वाटलं कुणी शेंदूर लावून ठेवला आहे. मी सांगितलं की हा मारोती नव्हे, दगडफूल आहे. ती म्हणाली, "असू द्या, जोडले तर काय गेलं." आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचीच आपली काळी माती. हा ग्रॅनाइट पन्नास कोटींच्या घरातला. आपली माती त्याच्यापुढे कालचं पोर.

पूल सहाशे-साडेसहाशे मीटरचा. जुना लाकडी होता, २०२१ च्या डिसेंबरपासून नवा सिमेंटचा. त्याच्यावरही ट्रामचे रूळ टाकले आहेत, हे विशेष. आपल्याकडे नवा पूल बांधला की जुन्या गाडीचं नाव कोण काढतं? माणसं नेणारी ही घोड्याची ट्राम १८९४ च्या नाताळात सुरू झाली. १९५० च्या दशकात बंद पडली. त्यांच्या राज्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८६ मध्ये, जुन्यासारखेच डबे नव्यानं बनवून परत सुरू केली. मध्ये तीस वर्षं काही नव्हतं. तीस वर्षं, गजा. आपली बंद पडून अजून दहाच्या आसपास.

घोड्याबद्दल लिहितो, कारण मी तिथं सगळ्यात जास्त वेळ घोडाच पाहिला. पोरगी शेवटी कंटाळून चहा आणायला गेली. क्लाइड्सडेल जात, मूळ स्कॉटलंडची. आपल्या लग्नातला घोडा याच्या पोटाखालून निघून जाईल. वजन सात-आठशे किलो, म्हणजे आपली गवळाऊ बैलांची एक जोडी तोलावी तेवढा हा एकटा. गुडघ्याखाली खूर झाकून टाकणारे पांढरे लांब केस, जणू चार पायांत चार झालरी. खूर जेवणाच्या ताटलीएवढा. अंगावरून हात फिरवला तर कातडी थरथरली, माशी बसल्यावर आपला मोऱ्या थरथरवायचा तशी. आणि वास तोच. घाम, चारा, चामडं. आठ हजार किलोमीटरच्या वर लांब येऊन गोठ्याचा वास आला की माणसाचं काय होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो.

पन्नासेक माणसं, दोन मजले, वरून लाकूड-लोखंड. एवढं एक जनावर कसं ओढतं, हे मला कळेना. वाकून पाहिलं. बैल वशिंडापुढे जू घेऊन मानेनं ओढतो. याच्या गळ्यात चामड्याचं जाड भरीव कडं असतं, ते खांद्यावर बसतं आणि सगळं बळ छाती-खांद्यातून जातं. श्वासाला आडकाठी नाही. आणि दुसरं म्हणजे रूळ. लोखंडावर लोखंडाचं चाक. आपली बंडी चिखलात गेली की चाक रुततं आणि बैल दर पावलाला खड्ड्यातून वर ओढत असतो. इथं रुतायचा सवालच नाही. जोर लागतो तो फक्त सुरुवातीला. मी पाहिलं, गाडीवाल्यानं काहीतरी पुटपुटलं, हातात चाबूक नव्हता, घोड्यानं मान खाली घातली, मागचे पाय रोवले, एक क्षण काहीच हललं नाही, आणि मग चाक फिरलं. एकदा फिरलं की झालं. पुढे तो निवांत, जणू एकटाच फिरायला निघाला आहे. पलीकडे पोचल्यावर ट्राम वळवत नाहीत. घोडा सोडतात, दुसऱ्या टोकाला नेऊन जुंपतात, आणि माणसं बाकांच्या पाठी उलटवून तोंड फिरवून बसतात. दिवसभर एकच घोडा नाही, पाळ्या आहेत. थकलेला घोडा सोडून दुसरा आणला तेव्हा लोकांनी त्याचे फोटो काढले, पण गाडीवाल्यानं आधी त्याची मान थोपटली. हा माणूस बैल राखायला ठेवला तर मी डोळे झाकून ठेवीन.

बेटावर एक पायवाट आहे, फेरी मारायला तासभर लागतो. दक्षिणेच्या बाजूला गेलो की पुढे काही नाही, थेट बर्फाचा मुलूख. समुद्र मी आधी एकदाच पाहिला होता, कापसाच्या भावासाठी मुंबईत मोर्चाला गेलो तेव्हा, संध्याकाळी, चप्पल हातात घेऊन. तो समुद्र गढूळ आणि गर्दीचा. हा निळाशार, आणि लाटा धोंड्यांवर फुटताना पोटात धडधड ऐकू येते. तिथं एक म्हातारा दुर्बीण घेऊन बसला होता. त्यानं बोटानं दाखवलं. मला काहीच दिसेना. मग दिसलं. आपल्या डोबऱ्यात म्हैस बसते, फक्त पाठ वर, काळी, ओली, हालत नाही, तसं. पण ही पाठ हळूच बुडाली आणि दुसरीकडे वर आली आणि तिनं फवारा सोडला, दोन फांद्या फुटाव्यात तसा. देवमासा! दक्षिणेच्या बर्फाकडून मे ते ऑक्टोबर ते इकडे उथळ पाण्यात विणायला येतात. माहेरीच येतात म्हण ना. या जातीला इंग्रजीत "राइट व्हेल" म्हणतात, म्हणजे शिकारीला योग्य मासा. सावकाश पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, मारला तरी बुडत नाही, तरंगतो, आणि चरबी भरपूर. १८३७ पासून याच खाडीत त्यांना मारून तेल काढायचे कारखाने होते. १९३५ पासून शिकारीला बंदी आहे, आणि आता परत थोडे थोडे दिसतात. मारणाऱ्यानं ठेवलेलं नाव मात्र तसंच आहे.

खरं तर आम्ही थांबलो होतो अंधारासाठी. तिथं पेंग्विन राहतात. टीव्हीत दिसतात ते बर्फातले मोठे नव्हेत. हे जगातले सगळ्यात लहान, वीतभराहून थोडे उंच, किलोभराचे, रंगानं निळसर. दिवसभर समुद्रात मासे खातात आणि अंधार पडला की धोंड्यांमधल्या बिळांत झोपायला येतात. साडेपाचलाच काळोख झाला. आमच्यासारखे दहा-बारा जण, आणि बरोबर माहिती सांगणारी एक बाई. तिच्या हातात लाल उजेडाची बॅटरी. पांढऱ्या उजेडानं त्यांचे डोळे दिपतात, म्हणून मोबाइल बंद, बोलणं बंद. थंडी अशी की वहिनीनं शालीवर माझं जर्किन, त्याच्यावर पोरीची ओढणी गुंडाळली. अर्धा तास काही नाही. ती माझ्या कानात म्हणाली, "इतक्या दूर पाखरं पाहाले आलो का आपण? घरी कोंबड्या होत्या." मी हसू दाबतो तोच बाईनं हात वर केला.

पाण्याच्या कडेला एक ठिपका. लाटेनं आणून टाकल्यासारखा. उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन पावलं आला, परत थांबला. आपले ठेंगणे हेडमास्तर हात मागे बांधून राउंडला निघायचे, तस्साच. एका धोंड्यावर उडी मारली, घसरला, परत मारली. आमच्यापासून पाच-सहा हातांवरून गेला. पोट ओलं, पाय थपथप वाजत होते. धोंड्यांच्या फटीत शिरला आणि आतून असा आवाज आला, गजा, गाढव आणि कुत्र्याचं पिल्लू दोघं एकदम ओरडावं तसा. आत बायको होती म्हणे, ती विचारत असणार, एवढा उशीर का. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी कुठं पाहावं?

त्या रात्री आम्ही तीन पाहिले. बाई म्हणाली, नशीबवान आहात. २००१ साली या बेटावर दीड हजारावर होते. नंतर उतरत उतरत काही डझनांवर आले. का, तर तिनं एक कारण सांगितलं नाही. सील नावाचे समुद्री प्राणी मासे खातात तसे यांनाही खातात, खायला बारके मासे कमी झाले, माणसांची वर्दळ, कुत्री. आणि कोल्हे. कोल्हा तिथला नव्हेच, गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणून सोडलेला. बेटाला पाण्याचं कुंपण होतं. पण काही वर्षांपूर्वी कोल्हा रात्री चालत आला आणि पेंग्विन फाडून गेला. कुठून आला? पुलावरून. ज्या पुलाचं मी दिवसभर कौतुक करत होतो, त्याच.

मला आपली गिधाडं आठवली. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आभाळ काळं व्हायचं, आपण शाळेतून येताना नाक दाबून मोजत बसायचो, तू एकदा चाळीस मोजलीस आणि मी म्हटलं अडतीस. आता आहेत का? ढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकची सुई टोचायचो. मीही टोचून घेतली आहे आपल्या गाईला, चांगला उतार पडला होता. मेलेल्या ढोराच्या मांसातून ते औषध गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर मोजायला काही उरलं नव्हतं. कुणी मुद्दाम मारली नाहीत. गाय वाचावी एवढंच मनात होतं.

परत येताना ट्राम बंद झाली होती, घोडे गोठ्यात. पूल पायीच ओलांडला. रुळांच्या मधून चाललो, मी आणि वहिनी, पोरगी मागे. खाली समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. मध्येच वहिनी म्हणाली, "तुमच्या शकुंतलेच्या रुळावरून बी असंच चाललो होतो ना आपण, लग्नाच्या साली, गाडी चुकली तवा?" मला आठवत नव्हतं. तिला आठवतं.

परवा दारव्ह्याला गेलो होतो, मोतीबागच्या बाजूनं मुद्दाम वाकडी वाट केली. स्टेशनची इमारत आहे. रूळ बाभळीत गेले आहेत, एका जागी रुळावर कुणी शेणाच्या गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. वर्धा-नांदेडच्या नव्या लाइनचं काम आपल्या तालुक्यात चालू आहे, मोठ्या रुळांची गाडी येईल तेव्हा येईल. तुमच्याकडे अचलपूरच्या बाजूला काय स्थिती आहे, ते पाहून कळव. तो बिच्छन नदीवरचा पूल उभा आहे का?

पोळ्याला ये. या वर्षी एकच जोडी आहे, ट्रॅक्टरमुळे दुसरी धाकट्यानं विकली, मी नसताना. त्यावरून घरात जरा बोलाचाली झाली, ते समोर सांगीन. झुली नव्या शिवल्या आहेत. तान्ह्या पोळ्याला नातीसाठी लाकडी बैल सुताराकडे सांगितला आहे, तो पार्सलनं धाडायचा की कसा, तुझ्या पोराला विचार, त्याला त्यातलं कळतं.

पत्राबरोबर ट्रामचं एक तिकीट ठेवलं आहे. खिडकीवर मी तीनऐवजी चार मागितली. पोरगी म्हणाली, "बाबा, आपण तिघंच आहोत." मी म्हटलं, असू दे. सात वर्षं आपण शकुंतलेत फुकट बसलो, निदान एका गाडीचं तरी तुझ्या नावानं भरलं. जपून ठेव, कुणी तपासायला आला तर दाखवायला होईल.

तुझाच,
नामा